माळाचं वर्ष: गवताळ रान पुन्हा जागेवर आणण्याची कामं, कार्तिकापासून आश्विनापर्यंत

वैशाखातली सकाळ होती. सुपे–मोरगाव पट्ट्यातल्या एका गायरानावर आम्ही पंधरा-वीस जण झाडांसाठी खड्डे घेत होतो. मी पुढच्या खड्ड्यावर टिकाव उगारला, तेवढ्यात शेजारून मेंढरं घेऊन निघालेले आबा ओरडले, "थांब रं पोरा, अंडी हाईत तिथं!" मी वाकून पाहिलं तरी मला दिसेनात. आबांनी काठीचं टोक नेलं तेव्हा कळलं. घरटं म्हणावं असं काही नव्हतं. मुरमाच्या खड्यांमध्ये, उघड्या जमिनीवर, मातकट रंगाची, काळ्या ठिपक्यांची दोन अंडी होती. धाविक पक्ष्याची. आमच्या मागे सकाळपासून घेतलेल्या खड्ड्यांच्या चार ओळी होत्या. तिथे काय होतं, ते आता कुणीच सांगू शकत नाही.

त्या दिवशी खड्डे थांबले ते कायमचे. पुढची वर्षं त्याच गायरानावर आणि आसपासच्या माळांवर काम करताना एक गोष्ट पक्की झाली. माळावरच्या बहुतेक चुका या वेळेच्या चुका असतात. एरवी चांगलं असलेलं काम चुकीच्या महिन्यात केलं की ते नासधूस ठरतं. म्हणून ही मांडणी महिन्यांप्रमाणे केली आहे. गावातली तरुण मंडळी, ग्रामपंचायतीची जैवविविधता व्यवस्थापन समिती, वनखात्याबरोबर काम करणारे स्वयंसेवक, किंवा स्वतःची चार-दोन एकर पड राखू पाहणारा शेतकरी, यांपैकी कुणालाही ती वापरता यावी.

इथे सांगितलेलं सगळं पठारावरच्या कमी पावसाच्या माळांसाठी आहे: पुणे जिल्ह्याचा पूर्व भाग, सोलापूर, अहिल्यानगर, साताऱ्याचा माण–खटाव. सह्याद्रीच्या सड्यांची आणि कासच्या पठाराची गोष्ट वेगळी आहे. तिथे हे वेळापत्रक चालवू नका.

अभयारण्याच्या कुंपणाबाहेरचा माळ

बारामती तालुक्यातलं मयूरेश्वर अभयारण्य १९९७ साली जाहीर झालं. क्षेत्र जेमतेम ५.१४ चौरस किलोमीटर. अहिल्यानगर जिल्ह्याच्या कर्जत तालुक्यातलं रेहेकुरीचं काळवीट अभयारण्य १९८० सालचं, २.१७ चौरस किलोमीटरचं. माळढोकासाठीचं नान्नजचं अभयारण्य १९७९ साली कागदावर ८,४९६ चौरस किलोमीटरचं होतं, ते पुढे १,२२२ वर आलं, आणि त्यातही प्रत्यक्ष गवताचे तुकडे विखुरलेले आहेत. चिंकारा, लांडगा, खोकड ही जनावरं असल्या तुकड्यांत मावत नाहीत. ती आसपासच्या गायरानांवर, पडींवर आणि मेंढवाड्यांच्या कडेनं जगतात. म्हणून गावचा साधा दिसणारा माळ नीट ठेवणं हे अभयारण्याच्या कामाइतकंच मोलाचं आहे.

सरकारी दप्तरात मात्र हीच जमीन 'पडीक'. पडीक म्हटलं की ती कामाला लावायची, आणि कामाला लावायची म्हणजे झाडं लावायची. असं करत करत ग्लिरिसिडिया, सुबाभूळ, निलगिरी माळावर आल्या. ग्लिरिसिडिया मूळची मध्य अमेरिकेतली. भराभर वाढते आणि तिचा हिरवा पाला जनावरं सहसा खात नाहीत, म्हणून रोपवनात ती 'यशस्वी' दिसते. तिच्या सावलीत गवत मरतं. गवत गेलं की नाकतोडे जातात, मग नाकतोड्यांवर जगणारे पक्षी जातात. वरून पाहिलं तर सगळं हिरवं दिसतं, म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही.

काम सुरू करण्याआधी

पहिलं, जमीन कुणाची ते सातबाऱ्यावर पाहा. वनजमिनीवर किंवा अभयारण्यात वनखात्याच्या लेखी परवानगीशिवाय काडीसुद्धा तोडायची नाही, ती परदेशी झाडाची असली तरी. गायरान असेल तर ग्रामसभेत ठराव घ्या आणि तहसील कार्यालयात विचारा. जैवविविधता कायदा २००२ सालचा आहे, त्यानुसार प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता समिती असायला हवी आणि तिच्याकडे लोकजैवविविधता नोंदवही. बऱ्याच गावांत ती वही कपाटात पडून असते. ती बाहेर काढा, तुमच्या नोंदींसाठी तीच योग्य जागा आहे.

दुसरं, माळावर मेंढरं चारणाऱ्या म्हाताऱ्या माणसांबरोबर दोन-तीन दिवस फिरा. कुठे कुठलं गवत होतं, कोणता ओढा आधी वाहायचा, लांडग्याची बिळं कोणत्या अंगाला असतात, हे त्यांना माहीत असतं. जागांची नावंसुद्धा बोलतात. एका उताराला आमच्याकडे 'पवन्याचा माळ' म्हणतात. आज तिथे पवन्याचं एक ठोंब दिसत नव्हतं, पण नावावरून कळलं की तिथे काय परत आणायचं.

तिसरं, मोजून ठेवा. चार काठ्या बांधून एक मीटर बाय एक मीटरची चौकट करा. माळावर वीस ठिकाणी ती टाका आणि दर वेळी तीन गोष्टी लिहा: आत किती प्रकारची गवतं-झुडपं आहेत, किती जमीन उघडी आहे, गवताची उंची किती. पाच-सहा ठिकाणी लोखंडी खुंट्या ठोकून त्यांना रंग द्या. वर्षातून तीनदा, म्हणजे आश्विनात, माघात आणि वैशाखात, त्याच खुंटीपाशी उभं राहून त्याच दिशेचा फोटो काढा. हे कंटाळवाणं वाटतं. पण तिसऱ्या वर्षी ग्रामसभेत "तुम्ही केलं काय?" असा प्रश्न येतो, तेव्हा हेच फोटो बोलतात.

चार गवतं तरी ओळखता यायला हवीत. पवन्या, ज्याला काही भागांत शेडा म्हणतात, हे चांगल्या माळाचं लक्षण. मारवेल जरा खोल, काळसर मातीत. डोंगरी गवत उतारावर. आणि कुसळी, जी सगळीकडे असते. पहिली तीन बहुवर्षायू आणि जनावरांच्या आवडीची, म्हणून चराई वाढली की तीच आधी संपतात.

कार्तिक–मार्गशीर्ष: बी, विळा आणि जाळरेषा

माळाचं वर्ष पाऊस संपल्यावर सुरू होतं. दिवाळीच्या सुमारास गवत सोनेरी होतं आणि बी पिकतं. बी गोळा करायला फार तर दोन-तीन आठवडे मिळतात. एकाच कणसातलं बीसुद्धा एकदम पिकत नाही, वरचं आधी आणि खालचं मागून. म्हणून एकाच जागी दोन-तीन फेऱ्या मारा. कणीस दोन बोटांच्या चिमटीत धरून हलकं वर ओढायचं. सहज हाताशी आलं तर पिकलं. ओढावं लागलं तर चार दिवसांनी या.

बी आपल्याच पंचक्रोशीतलं हवं. बाजारात मिळणारं चाऱ्याचं सुधारित बी आणि स्टायलो हे परदेशी चारापीक नैसर्गिक माळावर टाकू नका. ते चाऱ्याच्या शेतात ठीक आहे. एका ठोंबाची सगळी कणसं ओरबाडू नका. खूप ठोंबांवरून थोडं थोडं घ्या आणि दोन भाग तिथेच राहू द्या. ते मुंग्यांचं, मुनियांचं आणि त्या जमिनीचं आहे.

गोळा केलेलं बी सावलीत चार-पाच दिवस पसरा, मग कापडी पिशवीत किंवा गोणपाटात भरून उंच टांगा. प्लॅस्टिकच्या पिशवीत घाम धरतो आणि बी कुजतं. पिशवीवर गवताचं नाव, जागा आणि तारीख लिहिलेली चिठ्ठी शिवून टाका. एक पडताळा इथेच करा: मूठभर बी तळहातावर चोळून फुंका. रानगवताच्या बियांत पोकळ फार असतात. हातात दाणा किती उरला ते पाहूनच पेरणीचा अंदाज बांधायचा.

या दिवसांत पायात बूट आणि पोटऱ्यांना गोणपाटाच्या पट्ट्या हव्यातच. कुसळीचं बी मोज्यात शिरलं की दिवस वाया. हे बी एकदा जवळून पाहण्यासारखं आहे. दाण्याच्या खाली सुईसारखं टोक, त्यावर उलटे केस, आणि वर लांब, पीळ भरलेलं काळं कुसळ. तळहातावर ठेवून त्यावर पाण्याचा थेंब सोडा. पीळ उलगडायला लागतो आणि दाणा हातावर गोल फिरतो. सुकला की पुन्हा पीळ भरतो. दव पडावं, ऊन यावं, असं रोज होत होत तो दाणा गिरमिटासारखा जमिनीत उतरतो. मग वरून वणवा गेला तरी खालचं बी शाबूत.

यातच एका जुन्या वादाचं उत्तर आहे. "जाळल्याशिवाय गवत नीट फुटत नाही" असं गावोगाव ऐकू येतं. जाळल्यावर फुटतं ते खरं, पण दरवर्षी जाळलं की हळूहळू सगळा माळ कुसळीचा होतो, कारण तिचं बी आगीखाली सुरक्षित असतं. आणि कुसळी पिकली की मेंढरांच्या लोकरीत, कातड्यात, तोंडात घुसते. ही गोष्ट मेंढपाळांना आकडेवारीपेक्षा लवकर पटते, कारण ते दरवर्षी मेंढरांच्या अंगातली कुसळं काढत बसतात.

जाळरेषा, म्हणजे वणवा अडवायचा मोकळा पट्टा, डिसेंबरअखेर तयार हवी. रस्त्याकडेच्या आणि शेतालगतच्या बाजू आधी घ्या, आग तिथूनच येते. चार-पाच मीटर रुंदीचा पट्टा विळ्यानं कापायचा, दाताळ्यानं ओढून स्वच्छ करायचा. अनेक ठिकाणी तो पट्टा नंतर जाळतात. ते काम फक्त वनखात्याच्या माणसांच्या देखरेखीखाली, वारा पडलेला असताना, सकाळी करा. माझं मत विचाराल तर लहान माळावर जाळूच नका, कापून उचललेलं गवत जनावरांना द्या.

कापणीचं म्हणाल तर बी गळून गेल्याशिवाय विळा लावू नका. आणि सगळा माळ एकदम कापू नका. मी तीन हिस्से करतो: एक कापायचा, एक चराईला मोकळा ठेवायचा, एकाला त्या वर्षी हात लावायचा नाही. पुढच्या वर्षी हिस्से फिरवायचे. कापताना जमिनीपासून वीतभर गवत ठेवा, म्हणजे ठोंबाचं नाक शाबूत राहतं. हात न लावायचा हिस्सा कोणता, ते पक्ष्यांना ठरवू द्या. हिवाळ्यात भोवत्या हे शिकारी पक्षी उत्तरेकडून येतात आणि रात्री गवतात, जमिनीवर, एकत्र झोपतात. दिवस मावळायच्या आधी अर्धा तास उंचवट्यावर बसून पाहा. ते एकेक करून कुठे उतरतात ते कळेल. तो तुकडा फाल्गुनापर्यंत उभाच राहू द्या.

पौष–माघ: खोडं, मुळं आणि ओढे

सगळ्यात कष्टाचं काम हे. नको असलेली झाडं काढायची. थंडीत माणसंही काम करू शकतात आणि जमिनीवर घरटी नसतात.

पहिल्या वर्षी आम्ही ग्लिरिसिडिया जमिनीलगत कोयत्यानं तोडली, मोळ्या बांधल्या आणि खूश झालो. आषाढात गेलो तर प्रत्येक बुंध्याला सहा-सात फुटवे, छातीएवढे उंच. एका झाडाची सात झाली होती. नुसतं तोडणं म्हणजे छाटणी. म्हणून आता प्रत्येक जातीची रीत वेगळी धरतो.

ग्लिरिसिडिया: लहान असेल तर पहारीनं मुळासकट उपटा. मोठ्या झाडाच्या भोवती खणून बुंधा आणि मोठी मुळं काढा. जिथे खणणं शक्य नाही तिथे बुंध्याची साल हातभर रुंदीच्या पट्ट्यात पूर्ण सोलून काढा आणि झाड उभंच वाळू द्या, येणारे फुटवे मात्र दर महिन्याला खुडत राहा. मुदत लक्षात ठेवा: माघ-फाल्गुनात गुलाबी फुलं येतात, वैशाखात शेंगा फटकन फुटून बी दूर उडवतात. शेंगा धरायच्या आत काम संपवायचं. तोडलेल्या फांद्या ओल्या जमिनीत खोचून कुंपण करायचा मोह होतो, तो आवरा. तिची काठी मूळ धरते.

वेडी बाभूळ: हिचे डोळे जमिनीखाली, मुळाच्या माथ्याशी असतात. त्यामुळे वीत-दीड वीत खाली जाऊन मूळ तोडावं लागतं. वर तोडली तर झुडूप दाट होऊन परत येतं. शेळ्या-मेंढ्या तिच्या शेंगा खातात आणि बी लेंड्यांतून पसरतं, त्यामुळे ज्या वाटेनं कळप येतात त्या वाटेवर रोपं आधी शोधा.

घाणेरी ओढ्याकाठानं आणि बांधानं असते. तिच्यासाठी दिल्ली विद्यापीठातले प्रा. सी. आर. बाबू यांनी रुजवलेली पद्धत सोपी आणि खात्रीची आहे: बुंध्यापाशी कुदळ तिरकी घालून मुख्य मूळ जमिनीखाली तीन ते पाच सेंटिमीटरवर तोडायचं, झुडूप उचलायचं आणि मुळं वर करून उलटं ठेवायचं. सगळं मूळ खणत बसावं लागत नाही.

सुबाभळीचं बी मातीत वर्षानुवर्षं तग धरतं. मोठी झाडं काढली म्हणजे काम झालं असं समजू नका, पुढची चार-पाच वर्षं पावसाळ्यात रोपं उपटायला यावं लागेल.

काय काढायचं नाही तेही तेवढंच महत्त्वाचं. हिवर, बोर, खैर, गावठी बाभूळ, एखादा पळस, एखादा लिंब, ही माळाची स्वतःची माणसं आहेत. एकराला दोन-चार विरळ झाडं असावीत. आणि एकाच हिवाळ्यात सगळा तुकडा उघडा करू नका. लांडग्याची मादी याच दिवसांत बिळात पिलं घालते, आणि पुष्कळदा ते बीळ नेमकं वेड्या बाभळीच्या जाळीखाली असतं. ताजी माती, पायांचे ठसे, हाडकं दिसली की हत्यारं गोळा करून मागे फिरा. ती जाळी पुढच्या वर्षी काढू. बिळाचा फोटो कुठेही टाकू नका आणि जागा वनरक्षकाखेरीज कुणाला सांगू नका.

पाण्याची कामंही आत्ताच. साधारणपणे ती उन्हाळ्यात काढतात, कारण तेव्हा मजूर मोकळे असतात. माळावर ते चुकतं, का ते पुढे येईल. शिवाय यंत्रानं सलग समतल चर मारणं वीतभर मातीच्या माळावर फार नुकसानीचं आहे. मुरूम वर येतो, गवताची शंभर वर्षांची गादी फाटते आणि त्या मोकळ्या मातीत आधी गाजर गवत येतं. ओघळींना अनगड दगडी बांध घाला. ओघळीच्या वरच्या टोकापासून सुरुवात करून खाली या. बांध गुडघ्याएवढा पुरे, मधोमध किंचित खोलगट, म्हणजे पाणी कडेनं फुटणार नाही. दगड ओघळीतलेच घ्या. माळावरचे सुटे दगड उचलून आणू नका, त्यांच्याखाली सरडे, पाली, विंचू राहतात. फुरसंही राहतं. दगड हातानं उलटायच्या आधी पहारीनं हलवा. साप चावला तर चिरणं नाही, आवळून बांधणं नाही, मांत्रिक नाही. चावलेला भाग हलू न देता थेट सरकारी दवाखाना. कामाच्या पहिल्या दिवशीच जवळ कुठल्या दवाखान्यात सर्पदंशाची लस आहे ते विचारून ठेवा.

फाल्गुन ते ज्येष्ठ: माळावरून बाहेर

होळीपासून पहिल्या पावसापर्यंत आमच्या गायरानावर कुदळ चालत नाही, हा नियम आहे. धाविक, माळटिटवी, पखुर्डी, चंडोल, हे सगळे या दिवसांत उघड्या जमिनीवर अंडी घालतात. गवत खुरटलेलं, मुरूम तापलेला, आणि लांबपर्यंत स्पष्ट दिसणारं, अशीच जागा त्यांना हवी असते. आपल्याला जे 'ओसाड' दिसतं ते त्यांचं बाळंतपणाचं घर. पखुर्डीचा नर पाण्यावर जाऊन पोटाची पिसं भिजवून येतो आणि पिलं ती चोखतात. त्या वाटेवर आपण खड्डे घेत, गाड्या फिरवत असलो तर तो उतरत नाही.

चैत्रात सकाळी नऊ-दहाच्या उन्हात, लांब उभं राहून, दगडांवर मात्र नक्की बघा. नर सरडा गळ्याचा पंखा उघडतो: निळा, काळा, नारिंगी. या सरड्यांच्या गटाला २०१६ साली शास्त्रीय नाव देताना संशोधकांनी आपला मराठी 'सरडा' हाच शब्द घेतला, 'सारडा'. पोरांना हे सांगितलं की दगड मारणं थांबतं.

या काळात करायची कामं बहुतेक माळाबाहेरची. वणव्यावर पाळत ठेवायची: कोण कोणत्या बाजूला राहतो, कुणाला आधी फोन करायचा, ओले गोणपाट आणि हिरव्या फांद्यांचे झोडपे कुठे ठेवलेत, हे ठरलेलं असावं. आग लागल्यावर वाऱ्याच्या तोंडासमोर कुणी जायचं नाही, कडेनं विझवत जायचं. शेतातला पाचोळा जाळणाऱ्यांशी आधीच बोला.

पाणवठे बांधायची हौस या दिवसांत उफाळते. मला ती पटत नाही. चिंकारा पाल्यातल्या ओलाव्यावर बरेच दिवस काढतो. सिमेंटचा पाणवठा केला की गावची मोकाट कुत्री तिथे ठाण मांडतात, आणि चिंकाऱ्याच्या पाडसांचा आणि जमिनीवरच्या पिलांचा कुत्र्यांएवढा मोठा वैरी दुसरा नाही. तेवढ्याच पैशात गावातल्या कुत्र्यांची नसबंदी आणि मटणाच्या, कोंबडीच्या दुकानांचा कचरा नीट पुरण्याची सोय करा.

ज्येष्ठात सावलीत बसून बियांच्या गोळ्या वळा. वजनानं एक भाग बी, एक भाग शेणखत, तीन भाग चिकण माती, एक भाग वाळू. हरभऱ्याएवढी गोळी पुरे. सावलीत वाळवा. एका वर्षी आम्ही त्या मे महिन्यातच माळावर टाकल्या. वळवाच्या एका सरीनं गोळ्या फुटल्या, पुन्हा ऊन पडलं आणि उरलेलं बी मुंग्यांनी बिळात नेलं. वळीव म्हणजे पाऊस नव्हे.

मृग–आर्द्रा: पेरणी

चार बोटं खोल ओल गेली, आणि तीही दोन पावसांनी, की पेरा. उभ्या गवतात बी टाकून उपयोग नाही. जिथे जमीन फाटलेली आहे तिथेच पेरायचं: जुन्या चरांचे ढिगारे, काढलेल्या बुंध्यांचे खड्डे, गाडीवाटा, नांगरून सोडलेली पड. दाताळ्यानं उताराला आडव्या उथळ रेघा ओढा, त्यांत गोळ्या किंवा मातीत कालवलेलं बी टाका, आणि पायानं हलकं दाबा. एक सेंटिमीटरपेक्षा खोल गेलं तर वर येत नाही. वर बोरीच्या काट्या पसरा, म्हणजे पहिले दोन महिने मेंढरू तोंड घालत नाही.

आषाढात पाऊस लागून राहिला की ठोंबं लावा. मारवेल आणि पवन्या दोन्ही ठोंबांनी लागतात. दाट वाढलेल्या ठोंबातून चौथा हिस्सा घ्या, मुळासकट दोन-तीन काड्या एका जागी, दीड-दोन फुटांवर. पान वीतभर ठेवून छाटा. मला विचाराल तर माणसं कमी असतील तेव्हा गोळ्यांपेक्षा ठोंबांवर भर द्या. संख्या कमी भरते, पण लागण झालेली डोळ्यांना दिसते, आणि तीच पुढच्या वर्षी बी देते.

पेरणीच्या जागेवर पहिल्या पावसात गाजर गवत येणारच. फुलावर यायच्या आत उपटा, हातमोजे आणि तोंडाला फडकं बांधून, कारण त्याची ॲलर्जी त्वचेला आणि छातीला फार त्रास देते. पानं चाळणीसारखी खाल्लेली दिसली तर ती मेक्सिकन भुंग्याची करणी. गाजर गवताच्या बंदोबस्तासाठी १९८४ साली तो आपल्याकडे मुद्दाम सोडला गेला. असं झुडूप तिथेच ठेवा.

चराईचं बोलणं

पावसाळ्यात सगळ्यात नाजूक प्रश्न हाच. अनेक धनगर कुटुंबं दिवाळीनंतर कोकणाकडे उतरतात आणि पावसाच्या तोंडावर पठारावर परत येतात. म्हणजे गवत वाढीला लागतं तेव्हाच कळप घरी असतात. "माळ बंद" असा फलक लावला तर पहिल्याच आठवड्यात भांडण होईल आणि ते योग्यच होईल. तो माळ त्यांनीच पिढ्यान्‌पिढ्या चारून राखलेला आहे.

शिवाय चराई पूर्ण बंद करणंही माळाला मानवत नाही. तीन-चार वर्षं काहीच चरलं-कापलं नाही तर वाळलेलं गवत साठतं, नवे फुटवे गुदमरतात, वणव्याला सरपण मिळतं, आणि धाविकाला लागणारी उघडी जमीन उरत नाही.

कार्तिकातले तीन हिस्से कापणीच्या वेळचे. पावसाळी चराईसाठी आम्ही माळाचे चार तुकडे केले आणि सीमा ओढ्या-बांधांवर ठरवल्या, म्हणजे खांब लागले नाहीत. दरवर्षी एकच तुकडा दिवाळीपर्यंत बंद. बाकी तिन्हींत चराई. कोणता तुकडा बंद ते मेंढपाळ ठरवतात, कारण पाण्याची आणि वाटेची सोय त्यांना कळते. बंद तुकड्यातलं कापलेलं गवत वाटून घेतात. पहिल्या बैठकीत आबा म्हणाले होते, "तुमी कागद आणू नका, आदी चालून बगा." आम्ही त्यांच्याबरोबर सगळी हद्द चाललो, तेव्हा नकाशावर आखलेल्या दोन रेषा बदलाव्या लागल्या. एक रेषा नेमकी मेंढवाड्याच्या वाटेवर येत होती.

श्रावण–भाद्रपद–आश्विन: उपटणं आणि पाहणं

माती मऊ असते तोवर ग्लिरिसिडिया, सुबाभूळ, वेडी बाभूळ यांची वीतभर रोपं हातानं निघतात. पौषात ज्याला पहार लागते ते श्रावणात दोन बोटांनी येतं. आठवड्यातून एक सकाळ, सहा-सात जण ओळीनं चाललो की एक तुकडा होतो. मात्र गवत गुडघ्यावर गेलं की सावकाश चाला. लावे आता त्यातच घरटी करतात.

आश्विनात चौकटी पुन्हा टाका, खुंट्यांपाशी फोटो काढा. गवत उंच झालं म्हणजे माळ सुधारला असं समजू नका. कुसळीही उंच वाढते. चौकटीत गवतांचे प्रकार वाढले का, पवन्याची ठोंबं किती, फाटलेल्या जागा भरत आल्या का, आणि उघडी जमीन थोडी तरी शिल्लक आहे का, हे पाहा. पहिल्या वर्षी तण वाढलेलं दिसेल, दुसऱ्या वर्षी ठोंबं विरळ दिसतील. तिसऱ्या पावसाळ्याशिवाय निकाल लावू नका. आमच्या 'पवन्याच्या माळा'वर तिसऱ्या आश्विनात अकरा चौकटींत पवन्या होता. सुरुवातीला एकाही चौकटीत नव्हता.

नोंदी वहीत उतरवल्या की पंधरा दिवस उसंत मिळते. विळ्यांना धार लावून घ्या, गोणपाट उन्हात टाका, पोटऱ्यांच्या पट्ट्या शिवून ठेवा. कोजागिरी झाली की रोज सकाळी माळावर एक चक्कर मारा आणि पवन्याचं कणीस चिमटीत धरून ओढून बघा. ज्या दिवशी ते सहज हातात येईल, त्या दिवशी सगळ्यांना फोन करा.